हस्तिदंत आणि ओक

थॉर हा ट्रॉयच्या प्रायम राजाचा नातू, असं आइसलंडच्या स्नोरीच्या ‘एड्डा’ या देवकथांच्या जुन्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत लिहिलंय. थॉर म्हणजे तोच, हातोडा घेऊन राक्षसांच्या मागे लागणारा, उत्तरेकडच्या लोकांचा देव. आणि प्रायम म्हणजेही तोच, ज्याच्या नगराला ग्रीकांनी दहा वर्षं वेढा घातला होता. या प्रायमची एक मुलगी ट्रोआन. तिचा नवरा मुनोन नावाचा राजा. त्यांचा मुलगा ट्रोर, ‘ज्याला आम्ही थॉर म्हणतो’. हा मुलगा थ्रेसमध्ये लोरिकस नावाच्या सरदाराच्या घरी वाढला. दहाव्या वर्षी त्यानं बापाची शस्त्रं हातात घेतली, बाराव्या वर्षी अस्वलाची दहा कातडी एकदम उचलली, आणि मग ज्यानं वाढवलं त्या लोरिकसलाच मारून त्याचं राज्य घेतलं. पुढे देशोदेशी हिंडत उत्तरेला पोचला, तेव्हा त्याला भविष्य सांगणारी एक बाई भेटली, सिबिल नावाची. ‘तिला आम्ही सिफ म्हणतो.’ रोमनांची सिबिल आणि थॉरची बायको सिफ, दोघी एका ओळीत एक होऊन गेल्या.

तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात मुलाकडे कोपनहेगनला होते, तेव्हा हे पहिल्यांदा वाचलं. पावणेचारला बाहेर अंधारायला लागायचं. नातू शाळेत थॉर-ओडिनच्या गोष्टी शिकत होता आणि घरी येऊन मला प्रश्न विचारायचा, म्हणून वाचनालयातून एड्डाचं इंग्रजी भाषांतर आणलं होतं. प्रस्तावना वाचून मला रागच आला. स्वतःचे चांगले धडधाकट देव असताना ते दुसऱ्याच्या घराण्यात दत्तक कशाला द्यायचे? पुस्तक मिटणार होते, पण मागे वाचलेलं एक वाक्य मनात अडकून राहिलं होतं, म्हणून पान परत उलटलं. थॉर इतर माणसांमध्ये येऊन उभा राहिला, की ओकच्या लाकडात हस्तिदंत जडवावा तसा उठून दिसे.

एकतीस वर्षं मी शाळेत संस्कृत शिकवलं. उपमा दिसली, की ती कुठून चालत आली हे बघितल्याशिवाय मला राहवत नाही. आइसलंडमध्ये हत्ती कुठला असायला? ओकसुद्धा नाही, तिथे वाढतो तो बुटका बर्च. म्हणजे या एका उपमेतलं उपमानही परदेशी आणि त्याचं कोंदणही परदेशी. व्हर्जिलच्या ‘इनीड’च्या दहाव्या सर्गात ट्रॉयहून निसटलेल्या इनियासचा कोवळा मुलगा अस्कानियस वेढ्यात सापडलेल्या ट्रोजनांमध्ये उभा आहे, आणि कवी म्हणतो, लाकडात कौशल्यानं बसवलेला हस्तिदंत चमकावा तसा तो दिसत होता. लाकूड तेवढं वेगळं. इटलीतल्या एका कवीची ही उपमा बारा-साडेबारा शतकांनंतर, सगळा युरोप ओलांडून आणि वर समुद्र ओलांडून, अशा बेटावर येऊन बसली होती जिथे कुणी हत्तीचं शेपूटही पाहिलेलं नव्हतं. त्या संध्याकाळी माझा राग गेला आणि त्याच्या जागी दुसरंच काहीतरी आलं. ते काय, ते शोधण्यात गेली तीन वर्षं गेलीत.

स्नोरी स्टुर्लुसन हा आइसलंडमधला मातब्बर माणूस. जन्म ११७९चा. राजकारणी, श्रीमंत, कायदा तोंडपाठ असलेला, आणि कवी. १२२०च्या आसपास त्यानं ‘एड्डा’ रचलं. त्याला लॅटिन कितपत येत होतं यावर अभ्यासकांचा वाद आहे, ही प्रस्तावना सगळीच्या सगळी त्याच्या हातची का, यावरही आहे. पण ट्रॉयची ही सोयरीक त्यानं एकट्यानं शोधून काढलेली नव्हती. त्या काळात युरोपात ज्याला त्याला ट्रॉयचंच मूळ हवं होतं. रोमन लोक इनियासचे वंशज, हे व्हर्जिलनं सांगूनच ठेवलेलं. फ्रँक लोकांनी आपला पूर्वज ट्रॉयहून आणला, ब्रिटनच्या लोकांनी ब्रूटस नावाचा इनियासचा पणतू आणला. स्नोरीच्या आधी शंभर वर्षं अरी या आइसलंडी इतिहासकारानं स्वतःची वंशावळ दिली, तिच्या मुळाशी ‘तुर्कांचा राजा यिंगवी’ आहे. तुर्कांचा देश म्हणजे त्यांच्या लेखी ट्रॉयचाच मुलूख. त्यात शब्दांनीही हात दिला. उत्तरेकडच्या देवांच्या कुळाला ‘एसिर’ म्हणतात. ते ‘आशिया’शी जुळलं. देव म्हणजे आशियातून आलेली माणसं! ओडिन हा तिकडचा एक शहाणा राजा. त्याला भविष्य कळलं, की आपलं नाव उत्तरेत होणार आहे, म्हणून तो लवाजमा घेऊन निघाला, जर्मनांच्या देशातून, डेन्मार्कमधून, स्वीडनला पोचला, आणि ट्रॉयमध्ये होते तसे बारा न्यायाधीश नेमून राज्य करू लागला.

देव हे मुळात थोर राजे होते आणि लोकांनी पुढे त्यांची पूजा सुरू केली, हा विचार ग्रीकांमधला, येशूच्याही आधीचा. ख्रिस्ती पंडितांनी तो मूर्तिपूजकांना खोडून काढायला वापरला. स्नोरीनं तोच विचार उलट्या कामासाठी वापरला असं मला वाटतं. आइसलंड इसवी सन १०००च्या सुमारास ख्रिस्ती झालं होतं. जुन्या देवांच्या गोष्टी सांगायच्या तर कोणत्या तोंडानं? त्या नाही सांगाव्यात, तर कविता मरते. कारण त्यांची सगळी कविता आडवळणाच्या नावांवर उभी. सोन्याला ‘सोनं’ म्हणायचं नाही. ‘सिफचे केस’ म्हणायचं, ‘पाणमांजराचा दंड’ म्हणायचं. लोकी या खोडकर देवानं सिफचे केस कापले आणि मग बुटक्या कारागिरांकडून सोन्याचे करवून आणले, ही गोष्ट माहीत नसेल तर ओळ नुसती गारगोटी. स्नोरी तरुण कवींना बजावतो, की ख्रिस्ती माणसानं या देवांवर विश्वास ठेवू नये, पण म्हणून या कथा विसरूही नयेत आणि कवितेतून जुनी नावं उपटूनही टाकू नयेत. थॉर देव राहिला असता तर पुस्तकाबाहेर गेला असता. प्रायमचा नातू झाला, म्हणून घरात राहिला.

पुढच्या जूनमध्ये आम्ही सगळे आइसलंडला गेलो. रेकहोल्टला, स्नोरीच्या गावी, त्याचं स्नानाचं कुंड अजून आहे. दगडांनी बांधलेलं, गोल, चारेक मीटर रुंद, बाजूच्या गरम झऱ्याचं पाणी त्यात येतं. शेजारी टेकाडात एक छोटं लाकडी दार आहे, तिथून भुयार घराखाली जायचं. मी वाकून पाण्यात हात घातला. आंघोळीला काढलेल्या पाण्याइतकं ऊन होतं. या घराच्या तळघरात १२४१च्या २३ सप्टेंबरच्या रात्री त्याला मारलं. नॉर्वेच्या राजाची मर्जी गेली होती आणि एके काळचा जावई गिसूर माणसं घेऊन आला होता. तळघरात पाच जण उतरले. ‘वार करू नका’ हे स्नोरीचे शेवटचे शब्द, त्याच्या पुतण्यानं, स्टुर्लानं, लिहून ठेवलेले. माझा नातू त्या दारापाशी बराच वेळ नुसता उभा होता.

स्नोरीच्या पुतण्यांपैकी दुसरा एक, ओलाफूर थोर्दार्सन, याला मी मनातल्या मनात आमच्या शिक्षकांच्या खोलीत एक खुर्ची देऊन टाकलीय. हा कवी, काही काळ डेन्मार्कच्या वाल्देमार राजाच्या दरबारी राहिलेला, नंतर आइसलंडला परतून मुलांना शिकवणारा. १२५०च्या आसपास त्यानं व्याकरण लिहिलं. पाया घेतला रोमनांच्या डोनाटस आणि प्रिशियन या वैयाकरणांचा. डोनाटस चौथ्या शतकातला. मध्ययुगात युरोपातलं प्रत्येक शिकणारं पोर त्याच्या पुस्तकावरून लॅटिन शिकलं. त्याच्या ग्रंथाचा तिसरा भाग भाषेतल्या दोषांचा आणि अलंकारांचा. प्रत्येक अलंकाराची व्याख्या, आणि खाली उदाहरण, बहुतेक व्हर्जिलचं.

ओलाफूरनं व्याख्या तशाच ठेवल्या. नावंही लॅटिन-ग्रीक ठेवली. आणि उदाहरणं बदलली. व्हर्जिलच्या जागी एगिल स्काल्लाग्रिम्सन आला, इतर जुने कवी आले, कुणाची एक ओळ, कुणाची अर्धी. का बदलली, तेही त्यानं स्वच्छ सांगितलंय: रोमच्या पंडितांनी अथेन्समध्ये जी काव्यकला शिकून लॅटिनमध्ये आणली ती, आणि ओडिननं व इतर आशियावाल्यांनी इकडे उत्तरेत आणली ती, ही सगळी एकच कला आहे.

हे वाचून मी पुस्तक मांडीवर ठेवलं आणि मला आमचा नववीचा वर्ग आठवला. उपमा शिकवायची तर पुस्तकात उदाहरण असायचं कमळासारखे डोळे, चंद्रासारखं मुख. मुलं वहीत उतरवून घ्यायची. कमळ किती जणांनी पाहिलंय विचारलं तर दोन हात वर यायचे. एका वर्षी मी फळ्यावर नुसती व्याख्या लिहिली, उपमेय, उपमान, साधारण धर्म, वाचक शब्द, आणि म्हटलं, आता उदाहरण तुम्ही द्या. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. त्याचे वडील ऊसतोडीला जायचे. म्हणाला, ‘बाई, तोडलेल्या फडासारखं घर.’ वर्ग एकदम गप्प झाला. मी ते फळ्यावर लिहिलं, आणि चारही अंगं त्यात कशी आहेत ते मुलांनी आपणहून सांगितलं, रिकामेपणा हा साधारण धर्म मलाही सांगावा लागला नाही. त्या दिवसानंतर त्या वर्गाला उपमा परकी राहिली नाही. ओलाफूरनं हेच केलं होतं. अशा जागी ‘प्रभाव’ हा शब्द मला अपुरा वाटतो. प्रभाव म्हटलं की एक देणारा आणि दुसरा निमूट घेणारा. इथे चौकट रोमची होती, आणि त्या चौकटीत बसल्यामुळे एगिलची ओळ व्हर्जिलच्या ओळीच्या तोडीची ठरली. ज्यानं बसवली त्याला तेच दाखवायचं होतं.

हे सगळं सुरू झालं होतं त्याच्याही जवळजवळ दीडशे वर्षं आधी, उत्तर आइसलंडमध्ये होलारला. चहूकडून डोंगर असलेली ती दरी मी पाहिली तेव्हा जूनमध्येही माथ्यावर बर्फ होतं. ११०६मध्ये योन ओग्मुंडर्सन तिथला पहिला बिशप झाला आणि त्यानं शाळा काढली. लॅटिन शिकवायला स्वीडनच्या बाजूचा शिक्षक आणला. चर्च बांधणारा सुतार थोरोडूर काम करता करता आत चाललेलं व्याकरण ऐकायचा, आणि ऐकून ऐकून त्यात तरबेज झाला, असं योनच्या चरित्रात आहे. योन कडक माणूस. वारांच्या नावांत जुने देव नकोत म्हणून त्यानं ती नावं बंद करायला लावली, आणि आजही आइसलंडी भाषेत मंगळवार हा ‘तिसरा दिवस’ आणि गुरुवार हा ‘पाचवा दिवस’ आहे. डेन्मार्कमध्ये माझा नातू गुरुवारला अजून थॉरचाच वार म्हणतो.

त्याच चरित्रात इंगुन येते. होलारच्या शाळेत शिकणारी ही मुलगी. पुस्तकी विद्येत ती कुणाहून कमी नव्हती, आणि ज्यांना शिकायचं होतं अशा पुष्कळांना ती व्याकरण शिकवायची. लॅटिन पोथ्या शुद्ध करायचं कामही करायची, आणि कसं, तर कुणाला तरी समोर बसवून मोठ्यानं वाचायला लावायची आणि स्वतः शिवण घेऊन बसायची, किंवा पट मांडून खेळायची, किंवा संतांच्या कथा कापडावर भरायची. कानावर चूक पडली, की दुरुस्ती सांगायची. एवढीच चार-पाच वाक्यं. बाकी तिचं काही उरलेलं नाही.

पण ती मला डोळ्यासमोर दिसते, कारण मी तिला पाहिलेलं आहे. माझी आत्या लहानपणी आमच्याकडून अशीच रूपं म्हणून घ्यायची. ती ताक घुसळत असायची, पाठ आमच्याकडे. आम्ही चौघं ओसरीवर ओळीत. रामः रामौ रामाः. तृतीयेला माझी धाकटी बहीण हमखास ‘रामेन’ म्हणायची. रवीची लय तशीच चालू ठेवून आत्या म्हणायची, ‘ण. पोटफोड्या ण. पुन्हा.’ आत्या शाळेत चौथीपर्यंत गेली होती. संस्कृत तिनं भावांचं पाठांतर ऐकून उचललं, होलारच्या त्या सुतारासारखं. तिच्या नावावरही काही नाही.

योनच्या शाळेत क्लाइंगुर नावाचा एक हुशार विद्यार्थी होता. एकदा बिशपला कळलं, की हा रोमन कवी ओव्हिड वाचतोय, प्रेमकलेवरचा. बायकांना कसं वश करावं, हे त्यात शिकवलेलं. माणसाचा स्वभाव मुळातच त्या बाजूला घसरणारा, त्याला आणखी पुस्तक कशाला, असं म्हणून योननं ते पुस्तक बंद करायला लावलं. ही हकिकत संतचरित्रात आली ती बिशपचं शील सांगायला. मला तिच्यातली दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला, आर्क्टिक वर्तुळापासून जेमतेम शंभरेक किलोमीटरवर, गवताच्या ढेकळांनी शाकारलेल्या घरात, एका पोराला ओव्हिड वाचायला मिळत होता आणि तो त्यात रमला होता. हा क्लाइंगुर पुढे दक्षिणेत स्कालहोल्टचा बिशप झाला आणि नॉर्वेहून लाकूड आणवून त्यानं मोठं चर्च बांधलं.

मग तेराव्या शतकात भाषांतरांचा पूर आला. ट्रॉयच्या युद्धाची गोष्ट आली, आणि तिच्यात ज्युपिटरचा थॉर झाला, व्हीनसची फ्रेया झाली. सॅलस्ट आणि ल्युकन या रोमन लेखकांवरून रोमनांची गाथा झाली; गाथा म्हणजे आइसलंडी ‘सागा’, गद्यातली वीरकथा. केटोच्या नावावरची नीतिवचनं, जी लॅटिन शाळांत पहिल्या इयत्तेपासून घोकून घेत, ती ओडिनच्या मुखी असलेल्या जुन्या उपदेशाच्याच छंदात उतरली. आणि फ्रान्सच्या वॉल्टर ऑफ शातियोंचं सिकंदरावरचं लॅटिन महाकाव्य आइसलंडी गद्यात आलं. हे भाषांतर होलारचाच एक बिशप, ब्रांदूर योन्सन, याचं मानतात; तो १२६४मध्ये गेला. लॅटिन षट्पदीचा, म्हणजे ओळीत सहा गण असलेल्या त्या छंदाचा, सगळा डौल सोडून त्यानं गाथांची ती आखूड, सरळ वाक्यं घेतली. हाल्दोर लाक्सनेससारख्या नोबेल मिळालेल्या कादंबरीकाराला ते गद्य इतकं आवडलं, की १९४५मध्ये त्यानं पुढाकार घेऊन ते आजच्या वाचकांसाठी छापवलं. त्या गाथेत सिकंदर हिंदुस्थानात येतो. पोरस येतो, त्याचे हत्ती येतात. थॉरच्या हस्तिदंताला चाळीसएक वर्षांनी का होईना, त्याचा हत्ती भेटला. त्याच शतकाच्या शेवटी, १२९०मध्ये, आपल्याकडे नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली जात होती. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही, पण दोन्ही तारखा मी माझ्या वहीत एकाखाली एक लिहून ठेवल्यात.

डेन्मार्कनं वेगळी वाट धरली. तिथे लॅटिनला आपल्या भाषेत आणण्याऐवजी आपल्या कथा लॅटिनमध्ये नेल्या. सॅक्सो हा आर्चबिशप आब्सालोनच्या पदरचा कारकून. इतर देशांचा इतिहास लॅटिनमध्ये आहे आणि आपला नाही, हे आब्सालोनला सहन होईना, म्हणून त्यानं हे काम माझ्या गळ्यात घातलं, असं सॅक्सो सुरुवातीला सांगतो. सोळा खंडांचा हा ग्रंथ १२००च्या आगेमागे लिहिला गेला. गंमत अशी, की डेन्मार्कचे मूळपुरुष त्यानं ट्रॉयहून आणले नाहीत. दान आणि आंगुल, इथलेच. कुळ इथलं, भाषा मात्र रोमची, तीही अशी घोटीव, की तीनशे वर्षांनी इरॅस्मससारख्या लॅटिनच्या मोठ्या पंडिताला प्रश्न पडला, त्या काळच्या डेन माणसाला एवढं वक्तृत्व मिळालं कुठून?

कोपनहेगनहून गाडीनं तासाभरात सोरोला जाता येतं. तिथल्या विटांच्या चर्चमध्ये आब्सालोन पुरलेला आहे. त्याच्या मृत्युपत्रात सॅक्सो नावाच्या कारकुनाचा उल्लेख आहे: अडीच मार्क चांदीचं कर्ज माफ, आणि उसनी घेतलेली दोन पुस्तकं त्यानं सोरोच्या मठाला परत करावीत. हा कारकून म्हणजे आपलाच सॅक्सो, असं सर्वसाधारणपणे मानतात. ती पुस्तकं कोणती, ते मृत्युपत्रात नाही. पण सॅक्सोच्या भाषेत ज्यांचे वळसे जागोजागी दिसतात त्यांत पहिल्या शतकातला रोमन लेखक व्हालेरियस माक्सिमस आहे, आणि त्याच्या पुस्तकात ब्रूटसची गोष्ट आहे.

हा ब्रूटस सीझरला मारणारा नव्हे. रोमच्या शेवटच्या राजाला हाकलणारा, त्याच्या कितीतरी आधीचा. राजा आपल्यालाही मारेल म्हणून तो वेडाचं सोंग घेतो. डेल्फीच्या देवाला वाहायला म्हणून एक साधी लाकडी काठी घेऊन जातो, पण ती आतून पोखरून तिच्यात सोनं भरलेलं असतं. आता सॅक्सोचा आम्लेथ. चुलत्यानं बापाला मारलंय, आईशी लग्न केलंय, आम्लेथ वेडाचं सोंग घेऊन राखेत लोळतो. चुलता त्याला दोन सोबत्यांसह इंग्लंडच्या राजाकडे पाठवतो; सोबत्यांजवळच्या निरोपात आम्लेथला मारा असं असतं. आम्लेथ निरोप बदलतो, सोबतीच फासावर जातात. मग आपली माणसं मारली म्हणून तो रागावल्याचं दाखवतो, आणि राजाकडून भरपाई म्हणून सोनं घेतो. ते गुपचूप वितळवून दोन पोकळ काठ्यांत ओततो. वर्षानं घरी परततो तेव्हा त्याच्याच मरणाचं जेवण चाललेलं असतं. लोक विचारतात, सोबतचे दोघे कुठे? आम्लेथ काठ्या पुढे करतो: हे काय, दोघंही इथेच आहेत.

रोमच्या काठीत ब्रूटसची बुद्धी लपली होती. सॅक्सोच्या काठ्यांत त्याच सोन्याला उत्तरेकडचा अर्थ आला, रक्ताची भरपाई. तिकडच्या कायद्यात मेलेल्या माणसाची किंमत चांदीत ठरायची. सगळ्या गाथा त्या हिशोबानं भरलेल्या. आम्लेथ खोटं बोलतच नाही, काठ्यांत दोन माणसं खरोखरच आहेत. मला ही जागा अख्ख्या सॅक्सोमध्ये सर्वात आवडते. पुढे ही कथा फ्रेंचमध्ये गेली, तिथून इंग्लंडात, आणि शेक्सपिअरनं तिचं काय केलं ते आपल्याला माहीत आहे. त्याचं ‘हॅम्लेट’ आगरकरांनी ‘विकारविलसित’ म्हणून १८८३मध्ये मराठीत आणलं. काठ्या मात्र मराठीपर्यंत आल्या नाहीत; त्या शेक्सपिअरनंच गाळल्या होत्या.

सॅक्सोच्या दुसऱ्या खंडात एक जुनं वीरगीत आहे. राजावर रात्री हल्ला होतो आणि त्याचे लोक एकमेकांना झोपेतून उठवून मरायला निघतात. सॅक्सोनं ते लॅटिन षट्पदीत घातलं आणि जळत्या ट्रॉयच्या शेवटच्या रात्रीचे रंग त्याला दिले. मूळ गीताच्या हातावर मोजण्याइतक्या ओळी उरल्यात. लॅटिन अंगरख्यातलं तेवढं पूर्ण राहिलं. आणि तेही नशिबानं: १५१४मध्ये पॅरिसला क्रिस्टियर्न पेडरसननं ग्रंथ छापवून घेतला म्हणून, हस्तलिखितं पुढे नाहीशी झाली, काही सुटी पानं तेवढी उरली.

सोरोच्या त्याच चर्चमध्ये लुडविग हॉल्बर्गचीही समाधी आहे. बर्गेनला जन्मलेला, कोपनहेगनला प्राध्यापक झालेला. १७१९-२०मध्ये त्यानं ‘पेदर पार्स’ लिहिलं, सगळा थाट ‘इनीड’चा, आणि नायक कलुंडबोर्गहून आर्हुसला वाग्दत्त वधूला भेटायला निघालेला साधा व्यापारी, देव त्याच्यावर वादळ सोडतात आणि तो आनहोल्टच्या बेटावर जाऊन आपटतो. दोन वर्षांनी कोपनहेगनला डॅनिश भाषेतलं नाट्यगृह उघडलं आणि हॉल्बर्गनं रोमन नाटककार प्लॉटसच्या बढाईखोर शिपायाला, कंजूष बापाला, हिकमती नोकराला डॅनिश बोलायला लावलं. इथे तर उदाहरणंच नाही, माणसंही बदलली. स्वीडनमध्ये येऑर्ग शेर्नयेल्मनं १६५८मध्ये ‘हर्क्युलीस’ छापलं: चौरस्त्यावर उभा तरुण, एकीकडे सुख, दुसरीकडे सद्गुण, गोष्ट ग्रीक, छंद होमरचा. पण त्या छंदात स्वीडिश शब्द असे चालतात, की जणू त्यांच्याचसाठी तो बांधला असावा.

आणि उलुफ रुडबेक. याच्याशी मात्र माझं जमलं नाही. उप्सालाचा मोठा विद्वान, शरीरशास्त्रज्ञ, तिशीच्या आत लसिकावाहिन्यांवर मोलाचं काम केलेला. १६७९पासून त्यानं ‘अटलांटिका’चे जाडजूड खंड काढले. प्लेटोचं बुडालेलं अटलांटिस म्हणजे स्वीडन, ग्रीकांचे देव मूळचे स्वीडनचे, विद्या सगळी इथूनच गेली. त्या पुस्तकातल्या एका चित्रात तो शवविच्छेदन करावं तशी पृथ्वीच्या गोलाची कातडी सोलतोय, खाली स्कँडिनेव्हिया दिसतंय, आणि प्लेटो, हेसिअड, टॅसिटस भोवती उभे राहून बघताहेत. स्नोरीनं आपल्या देवांना ट्रॉयच्या घरी नेलं, पाहुण्यासारखं उंबऱ्यावर थांबून नातं सांगितलं. रुडबेकनं घरमालकालाच बाहेर काढलं. असं म्हणणारी माणसं मी आपल्याकडेही खूप ऐकलीत, संस्कृतचं नाव घेऊन, आणि त्यांच्यासमोर बसताना मला नेहमी जड गेलंय, कारण जिच्यावर त्यांचं प्रेम आहे तिच्यावर माझंही आहे.

शेवटी निकुलास. हा बाराव्या शतकातला आइसलंडचा मठाधिपती. रोम आणि जेरुसलेमची यात्रा करून आला आणि मागून येणाऱ्यांसाठी वाट सांगून गेला. कुठून कुठे किती दिवस, कोणत्या गावात कोणतं चर्च. मधेच तो आपल्याकडच्या गोष्टी पेरत जातो. जर्मनीत पाडरबोर्न आणि माइन्झच्या दरम्यान म्हणे ती माळजमीन, जिथे सिगुर्डनं ड्रॅगन मारला. इटलीत लूनीजवळ म्हणे तो सापांचा खड्डा, ज्यात गुन्नारला टाकलं होतं. रोमच्या रस्त्यावर त्याला आपली माणसं भेटत होती. आणि पार जॉर्डन नदीपर्यंत गेल्यावर त्यानं एक माप घेतलं. सपाट जमिनीवर उताणं पडावं, एक गुडघा उभा करावा, त्यावर मूठ ठेवावी, मुठीवर अंगठा ताठ धरावा. ध्रुवतारा तेवढ्याच उंचीवर दिसतो, जास्त नाही.

जूनमध्ये आइसलंडला हे करून बघावं म्हटलं, तर रात्रच होत नव्हती, तारा कसला दिसतोय. साताऱ्याला परत आल्यावर कार्तिकातल्या एका रात्री गच्चीवर सतरंजी अंथरली. पाय उत्तरेला करून झोपले, कुणी बघत नाही याची खात्री करून गुडघा उभा केला, मूठ ठेवली, अंगठा धरला. तारा दिसेना. इकडे तो जॉर्डनपेक्षाही खूप खाली. माझ्या गुडघ्याच्या आडच गेला होता. पाय हळूहळू लांब करत गेले. गुडघा निम्म्यावर आला, मूठ खाली आली, आणि अंगठ्याच्या टोकाशी तो आला.